लाल दिव्याच्या स्विचाची तीन टोके



कडबा कापायचे यंत्र आपल्या भागाला नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात कारखाना आणला, त्याआधीपासून ते अशी यंत्रे बनवीत. ती हाताने फिरवायची. आता सातारा-सांगलीकडे गोठ्यागोठ्यांत मोटारीची कडबाकुट्टी आहे आणि तिच्यावर लाल दिव्याचा स्विच. तो बदलायला काढला, की मागे दोनऐवजी तीन टोके दिसतात आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

टोके कशाची? एकात फेज येते, दुसऱ्यातून ती मोटारीकडे जाते. तिसरे न्यूट्रलचे, ते फक्त दिव्यासाठी.

ओळखायचे कसे?

१) प्लग काढा, मेन स्विच पाडा. जुन्या तारा सोडण्याआधी प्रत्येकीला खूण करा.

२) नवा स्विच हातात घ्या. बॅटरीचा सेल, छोटा बल्ब आणि दोन तारा जोडून स्विच 'चालू' करा व दोन-दोन टोकांना तारा लावून पाहा. ज्या जोडीवर बल्ब लागेल आणि स्विच 'बंद' करताच विझेल, ती फेजची व मोटारीची. उरलेले न्यूट्रलचे. ते बहुधा पितळी रंगाचे असते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका.

३) जोडीतले मधले टोक बहुधा मोटारीचे असते. स्विचावरची खूणही पाहा. जोडल्यावर स्विच बंद असतानाही दिवा जळत राहिला, तर त्या दोन तारांची अदलाबदल झाली समजा. मेन पाडूनच दुरुस्त करा.

हे करू नका

फेज आणि न्यूट्रल त्या जोडीवर लावू नका. स्विच दाबताच शॉर्ट होईल. अर्थिंगची हिरवी तार तिसऱ्या टोकाला लावू नका. तिची जागा यंत्राच्या अंगावर. चार टोकांचा स्विच असेल तर वायरमनला बोलवा.

शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. दिवा विझला म्हणजे वीज गेली, असे नव्हे. दिवा खराब होतो, न्यूट्रल सुटते, गेलेली वीज अचानक येते. चारा अडकला, तर आधी प्लग काढा, मगच यंत्राच्या तोंडाशी हात न्या. दिवा दहा वेळा बदलता येतो, बोटे नाही.