खेळाची रीत आणि अभ्यासाचें काम

सापशिडीचा पट ज्यानें पाहिला नाहीं असें मूल आमच्या शाळेंत सांपडणें कठीण. परंतु हा खेळ मुळांत निव्वळ करमणुकीसाठीं नव्हे, तर शिकविण्यासाठीं निघाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आपल्याकडे त्यास मोक्षपट म्हणत, व तो ज्ञानेश्वरमहाराजांनीं रचिला अशी परंपरागत समजूत आहे. पटावर शिडीच्या पायथ्याशीं सद्गुणाचें नांव असे व सापाच्या तोंडाशीं दुर्गुणाचें. जो उपदेश ऐकतांना मुलें जांभया देतात, तोच तीं पटाभोंवतीं बसून आनंदानें ऐकत. या खेळांत आणखी एक गोष्ट आहे, व तीच आज आम्हांस सांगावयाची आहे. साप गिळतो, सोंगटी खालीं येते; परंतु खेळणारास कोणी पटावरून उठवीत नाहीं. पुढची पाळी त्याची असतेच.

अलीकडे विद्यापीठांतील अध्यापनाविषयीं बोलतांना ‘गेमिफिकेशन’ हा शब्द वारंवार कानीं पडतो. खेळाची घडण, म्हणजे गुण, पायऱ्या, बिल्ले, चढाओढ इत्यादि, अभ्यासास लावणें असा त्याचा अर्थ. संगणक व मोबाईल घरोघर आल्यामुळें ही गोष्ट सोपी झाली आहे. पालकांस मात्र प्रश्न पडतो कीं, ज्या वयांत मन लावून वाचावें त्या वयांत हा खेळ कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं खेळांतील नेमकें काय शिकवितें हें पाहिलें पाहिजे.

अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत इ. स. १९६० सालीं डोनाल्ड बिट्झर यांनीं संगणकाकडून पाठ देण्याची एक योजना सुरू केली. तिचें नांव ‘प्लेटो’. आरंभीं एका वेळीं एकच विद्यार्थी त्या यंत्रापुढें बसूं शके. १९७२ च्या सुमारास तिची चौथी आवृत्ति निघाली, तींत नारिंगी प्रकाशाचा सपाट पडदा होता व त्यावर बोट ठेवून उत्तर देतां येई. हल्लींच्या मुलांस यांत नवल वाटणार नाहीं, परंतु ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वींची आहे! या यंत्रावर लहान मुलांसाठीं अंकगणिताचा एक खेळ होता. यंत्र तीन आंकडे देई. त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार किंवा भागाकार करून, परंतु एक क्रिया दोनदां न वापरतां, जें उत्तर येईल तितकीं घरें पुढें जावयाचें. दर दहा घरांवर एक गांव. नेमकें गांवांत पोंचलें म्हणजे पुढच्या गांवीं उडी मिळे.

समजा, २, ३ व ४ हे आंकडे आले. ‘दोन अधिक तीन गुणिलें चार’ असें मांडलें तर चौदा. तेथेंच कंस घालून आधीं दोन व तीन मिळविले व मग चारांनीं गुणिलें तर वीस, म्हणजे गांव, म्हणजे तीस! कंसाचा नियम फळ्यावर दहा वेळां लिहून जो डोक्यांत शिरत नाहीं, तो येथें एका डावांत कळतो. कारण चूक केल्याचा परिणाम लगेच डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि पुढची पाळी चुकत नाहीं.

पुढें जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन या संशोधकांनीं या खेळास एक यांत्रिक सल्लागार जोडला. कांहीं मुलें एकच ठराविक मांडणी धरून बसतात व अधिक चांगली चाल त्यांस दिसत नाहीं, तेथें त्यानें सुचवावयाचें. परंतु त्यास एक बंधन घातलें होतें: लागोपाठ दोन चालींवर त्यानें बोलूं नये. हा नियम वाचून आम्हांस आमचींच पुष्कळशीं व्याख्यानें आठवलीं, हें कबूल केलें पाहिजे.

मोठ्यांच्या वर्गांतही हें साधतें काय? इंडियाना विद्यापीठांत ली शेल्डन हे अध्यापक खेळांची रचना शिकवीत. २००९ सालीं त्यांनीं नेहमींची श्रेणी मोडून काढली. सत्राच्या आरंभीं सर्वांचे गुण शून्य. प्रत्येक निबंध, चांचणी वा सामुदायिक कामगिरी पुरी केली म्हणजे अनुभवाचे गुण चढत जावयाचे व शेवटीं त्यांवरून श्रेणी ठरावयाची. शंभरांतून किती गमावले हें मोजण्याऐवजीं शून्यापासून किती मिळविले हें मोजावयाचें, एवढाच फरक. हिशेब पाहिला तर दोन्ही एकच. तरी ज्याच्या हातीं प्रगतिपुस्तक पडतें त्यास ते एक वाटत नाहींत.

आतां दुसरी बाजू. १९७३ सालीं मार्क लेपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्टॅनफर्ड येथील बालशाळेंत एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रें काढण्याची आधींच आवड असलेलीं मुलें घेतलीं. कांहींस सांगितलें, चित्र काढा, म्हणजे सोनेरी शिक्क्याचें प्रशस्तिपत्र मिळेल. कांहींस तेंच प्रशस्तिपत्र न सांगतां दिलें. बाकीच्यांस कांहींच नाहीं. एकदोन आठवड्यांनंतर पाहिलें, तों ज्यांस बक्षिसाचें वचन दिलें होतें तीं मुलें इतरांच्या सुमारें निम्माच वेळ चित्रें काढीत होतीं! जें काम आवडीचें होतें तें मजुरीचें झालें. आमच्या पारितोषिक-समारंभास यावरून कोणी नांवें ठेवूं नयेत. परंतु नुसते बिल्ले व क्रमांक वांटून जे लोक अभ्यासाचा खेळ झाला असें म्हणतात, त्यांनीं खेळाची टरफलें घेतलीं व दाणे टाकले, असें आमचें मत आहे.

आणि दाण्यासाठीं यंत्र असलेंच पाहिजे असेंही नाहीं. हार्वर्ड विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे अध्यापक एरिक मझूर यांस असें दिसून आलें कीं, अवघड उदाहरणें सोडविणारे विद्यार्थी साध्या प्रश्नास अडखळतात. जड मालमोटार हलक्या मोटारीवर आदळली, तर अधिक बल कोणावर? दोहोंवर सारखेंच, हें न्यूटनचा तिसरा नियम पाठ म्हणणारासही सांगतां येईना. मग १९९१ पासून ते व्याख्यान थांबवून असा प्रश्न घालूं लागले. प्रथम प्रत्येकानें आपलें उत्तर ठरवावयाचें, नंतर शेजाऱ्याशीं वाद घालावयाचा, व मग पुन्हां उत्तर द्यावयाचें. पहिलें उत्तर चुकलें तरी दुसरी पाळी आहेच. पुढें याकरितां हातांत धरावयाचीं विजेचीं उपकरणें निघालीं, परंतु उत्तराचे पत्ते वर धरूनही काम भागतें.

आम्हीं चार रंगांचे पुठ्ठे कापून ठेविले आहेत. येत्या सत्रांत इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या तासास मालमोटारीचाच प्रश्न प्रथम येईल. उत्तर वर छापून गेलें आहे खरें, परंतु नववींतील किती जण हा अंक शेवटपर्यंत वाचतात तेंही त्या दिवशीं कळेल.