उष्ण प्रदेशाला मानवणारे सोयाबीन

सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३६ साली, बडोद्याहून एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. लागवडीपासून पाककृतींपर्यंत सर्व बाजूंचा विचार त्यात आहे. शंभर भागांत सुमारे चाळीस भाग प्रथिने देणाऱ्या या धान्याचे महत्त्व बडोद्यात असे लवकरच ओळखले गेले होते. परंतु धान्य पौष्टिक आहे, एवढ्यानेच ते प्रत्येक भूमीत पिकत नाही.

सोयाबीनचे रोप रात्रीची लांबी ओळखते. फुलणे दिवस-रात्रीच्या लांबीवर अवलंबून असते, हे गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. रात्र पुरेशी लांबली, की रोप फुलावर येते. उत्तर अमेरिकेत उन्हाळ्यातील दिवस पंधरा तासांचा. बडोद्यास तो साडेतेरा तासांच्या आसपास. साहजिकच तिकडील वाण इकडे पेरला, तर रोप वीतभर वाढते न वाढते तोच फुलते आणि शेंगा थोड्याच धरतात.

यावर पैदासकारांनी उपाय शोधला. आखूड दिवसांतही काही काळ फुलावर न येता वाढतच राहणारी रोपे त्यांनी निवडली व त्यांचा संकर केला. ब्राझीलमधील उष्ण पठारांवर सोयाबीन पसरले, ते मुख्यतः या गुणामुळे. भारतात मात्र दुसरीही अट होती: पावसाळा संपण्याच्या सुमारास पीक हाती यावे. सुमारे शंभर दिवसांत तयार होणारा, जबलपूर कृषी विद्यापीठाचा जे. एस. ३३५ हा वाण १९९४ साली प्रसारित झाला आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनीही तो आपलासा केला.

तथापि एक अडचण उरतेच. सोयाबीनचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या लगतच असतो. मळणीतील मार व साठवणीतील दमट उष्मा यांनी तो मरतो. वरून मात्र दाणा टपोराच दिसतो. माळव्यातील बारीक, काळ्या दाण्याचा कालीतूर हा जुना वाण उगवणशक्ती अधिक टिकवतो. म्हणूनच पैदासकारांना असे वाण मोलाचे वाटतात.

असा सर्वगुणी वाण घरोघरी पोहोचेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती एक साधा उपाय आहे. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर वा अधिक उगवले, तरच ते बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरावे. मृगाच्या पावसावर पेरलेले उगवले नाही, तर बियाण्याचा पैसा जातो आणि पेरणीची वेळही टळते.