गाडीचा पंखा : पट्ट्यावरचा की विजेवरचा?



बेणे, खत, पाणी आणि तोडणी यांबद्दल आम्ही या पानांवर नेहमी लिहितो. आजचा विषय जरा निराळा असला तरी उसापासून फार लांबचा नाही. गटागटांतून फिरताना अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो : "साहेब, जीपचा जुना पंखा काढी टाकू का? विजेवरचा बसवतो म्हणतो मिस्त्री." जळगावला मेहरूणकडे, औद्योगिक वसाहतीच्या बाजूला गाडी कामाला लावली की असे सल्ले मिळतात. कोणी सांगतो डिझेल वाचेल, कोणी सांगतो गाडी कधीच तापणार नाही. त्यात किती खरे आणि किती फुगवलेले, हे सभासदांनी पैसे मोजण्याआधी पाहावे म्हणून हा लेख.

आपल्याकडे हा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त का, ते आधी पाहू. रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल तर दोहोंत ६५ अंशांचा फरक पडतो. त्या फरकावरच उष्णता बाहेर जाते. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ वर गेला की हाच फरक ४५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर आणि तोच पंखा असूनही काम जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. डिसेंबरात मुकाट चालणारी गाडी एप्रिल-मे मध्ये घाटाला वाफ सोडते, त्याचे कारण हे. यात गाडीचा दोष असेलच असे नाही.

आता पंख्याकडे वळू. जुन्या जीपला, अॅम्बॅसडरला, पद्मिनीला आणि आपल्या ट्रॅक्टरला पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. गंमत अशी की गाडी हमरस्त्यावर साठच्या वेगाने पळते तेव्हा समोरून वारा आपोआप मिळतो, पंख्याची गरज नसते, आणि नेमका तेव्हाच तो सर्वांत जोरात फिरून शक्ती खातो. पंख्याचे फेरे दुप्पट झाले की त्याला लागणारी शक्ती दुप्पट नव्हे, आठपट होते. उलट बाजाराच्या गर्दीत गाडी उभी असते, वारा नसतो, तेव्हा पंखा जेमतेम फिरतो.

विजेचा पंखा ही अडचण दूर करतो. पाणी ठरावीक उष्णतेला पोहोचले की तो चालू होतो, थंड झाले की बंद. इंजिन कितीही मंद असो, हवा पूर्ण मिळते. आपल्या देशात सामान्य माणसाने हा प्रकार पाहिला तो मारुती ८०० मध्ये. डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून ही गाडी बाहेर पडली. तिचे इंजिन आडवे बसवलेले, त्यामुळे इंजिनच्या पट्ट्याची बाजू रेडिएटरकडे येतच नाही. मग पंख्याला स्वतंत्र मोटर देणे भागच होते. म्हणजे विजेचा पंखा ही काही नवलाई नाही.

तेव्हा जीपला बसवावा का? आमचे मत असे की, आधी विजेचा हिशेब करा. बऱ्यापैकी पंख्याला १२ व्होल्टवर १५ ते २० अॅम्पिअर लागतात, सुरू होताना क्षणभर त्याच्या दुपटीहून जास्त. समोरचे दोन दिवे १० अॅम्पिअर घेतात. जुन्या गाड्यांवर जो डायनामो असे तो बावीस अॅम्पिअरच्या आसपासचा, आणि इंजिन मंद असताना तेवढेही देत नाही. रात्रीच्या फेरीत दिवे आणि पंखा दोन्ही चालले तर तुटीचा बोजा बॅटरीवर पडणार आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागणार. डायनामो असलेल्या गाडीला आधी चांगला अल्टरनेटर बसवावा, नाहीतर हा नाद सोडावा.

डिझेल वाचते का? थोडे वाचते, पण ते रोज लांब पल्ल्याला पळणाऱ्या गाडीचे. शिवारात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चालणाऱ्या जीपला त्यातून काही हाती लागत नाही. विजेचा पंखाही फुकट चालत नाही. त्याची वीज शेवटी इंजिनच तयार करते, आणि त्या खटाटोपात बरीच शक्ती वाया जाते.

ट्रॅक्टरचे मात्र स्पष्ट सांगतो : उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा पट्ट्यावरचा पंखा काढू नका. दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर पंधरा-वीसच्या वेगाने चालतो. समोरून वारा जवळजवळ नाही, इंजिनवर पूर्ण भार, आणि हे तासन्‌तास. त्याला लागणारी हवा बाजारातला मोटरगाडीचा पंखा देऊ शकत नाही. एखादा फ्यूज उडाला तरी चालकाला कळेपर्यंत हेड गॅसकेट गेलेले असते. नंतर ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला आणि तोडलेला ऊस उन्हात. उन्हाळ्यात तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही दर हंगामात सांगतो. उशीर झाला की वजन घटते, उतारा घसरतो. वजनाचा तोटा थेट सभासदाच्या बिलात, उताऱ्याचा सगळ्यांच्या भावात.

ट्रॅक्टर तापतो त्याची कारणे बहुधा साधी असतात. पाचटाचा भुसा आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. ती इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारून काढावी, समोरून मारली तर कचरा आणखी आत जातो. पट्टा सैल असतो. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग गेलेली असते. ते झाकण दाब धरते म्हणून पाणी शंभरच्या पुढेही उकळत नाही. बोअरचे क्षाराचे पाणी घालून नळ्या आतून चुन्याने बुजतात. आणि उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडे एक खोड आहे, तिचा उपयोग नाही. एवढे तपासून झाल्यावरही तापला तर मग पंख्याकडे बघावे. काही पिकअप गाड्यांच्या पंख्याला तेलाचा कपलिंग असतो, तो गरम झाल्यावरच पकड घेतो. तो बिघडला तर नवा कपलिंग बसवावा, पंखा बदलायची गरज नाही.

तरीही ज्यांना जीपला विजेचा पंखा बसवायचाच आहे त्यांनी मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. जुना पंखा काढला तरी पट्टा ठेवावाच लागतो, कारण वॉटर पंप आणि अल्टरनेटर त्याच्यावरच आहेत. पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा आत ओढणारा असावा, आणि भोवती पत्र्याचे कडे असावे. प्लॅस्टिकच्या पट्ट्या रेडिएटरच्या जाळीतून ओवून पंखा बांधू देऊ नका, हादऱ्याने नळी कापली जाते. वायर जाड हवी, रिले हवा, आणि फ्यूज बॅटरीजवळच हवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल तर पंख्याचा स्विच ९० ते ९५ च्या दरम्यान लागणारा घ्यावा. खालचा घेतला तर पंखा दिवसभर बंदच होणार नाही. चालकासमोर एक दिवा आणि हाताने लावायचा वेगळा स्विचही ठेवावा. पाटाच्या किंवा नदीच्या पाण्यातून गाडी घालताना पंखा बंद करता येतो, हा त्याचा एक खरा फायदा.

वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि हवा पुढे ढकलते. पंखा फिरताना दिसतो, गाडी मात्र तापतच राहते. म्हणून गॅरेजमधून निघण्यापूर्वी पंखा चालू करून रेडिएटरच्या पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरावा; तो चिकटून राहिला पाहिजे. आणि इंजिन बंद केल्यावरही काही जोडण्यांत पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा बॉनेट उघडून आत हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढावी. मुलांना तर जवळ येऊच देऊ नये.