शहाद्याच्या शिवारातली पपई आणि केळी

नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे तापीकाठच्या काळ्या जमिनीत पपई आणि केळीचे मळे दिसतात. कडाक्याची थंडी दोघींनाही सोसत नाही; पाण्याचं गणित मात्र पार वेगळं.

केळीची पानं रुंद, मुळं उथळ. उन्हाळ्यात ठिबक चुकवून चालतच नाही. पपईच्या बुंध्याशी मात्र दोन दिवस पाणी साचलं तरी मुळं कुजतात आणि झाड मान टाकतं. म्हणून अशा भारी जमिनीत ती गादीवाफ्यावरच लावावी.

केळीचा बुंधा म्हणजे पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी! एकदा घड दिला की त्याचं काम संपलं. पुढचं पीक बुंध्याशी फुटलेल्या पिलावर. ‘तैवान ७८६’ जातीची पपई मात्र बियांपासून वाढते आणि खोडालगत फळं धरतच राहते.

पपईचा खरा वैरी रिंगस्पॉट विषाणू. त्याचा प्रसार मावा ही कीड करते; रोगट झाड दिसताच उपटून टाकावं.