पाइपांची वही

मे महिन्यातली दुपार. मुक्ताईनगरच्या रिवाइंडिंगच्या दुकानासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन उभी राहते. ट्रॉलीत गोणपाटावर आडवी ठेवलेली सहा इंची सबमर्सिबल मोटर. स्टीलचं अंग, एका टोकाला केबल, सगळीकडे पिवळट गाळ. सोबत आलेला शेतकरी एवढंच म्हणतो, "भाऊ, जयली." या पट्ट्यातल्या लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो, म्हणून मोटर इथे जळत नाही, जयते. उन्हाळ्यात हा शब्द दिवसातून अनेकदा कानावर पडतो.

दुकानातले मिस्त्री लगेच काही विचारत नाहीत. मोटर उभी करून खालचं झाकण खोलतात. आतलं पाणी काळं होऊन बाहेर येतं आणि करपलेल्या प्लास्टिकचा वास दुकानभर पसरतो. मग रोटर ओढून काढला जातो, स्टेटर उजेडाकडे धरला जातो, आणि मिस्त्री आत वाकून बघतात. मी तिथे बसून जे शिकलो ते या बघण्यातूनच. जळलेलं वायंडिंग ज्याला वाचता येतं, त्याला शेतावर काय झालं हे शेतकऱ्याआधी कळतं.

मोटरीत तीन फेजची तीन वेगळी वायंडिंगं असतात. स्टार जोडणीच्या मोटरीत दोन वायंडिंगं काळी आणि तिसरं नव्यासारखं स्वच्छ दिसलं, तर एक फेज गेला होता आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर ओढत राहिली होती. डेल्टा जोडणीत उलटं दिसतं: एक जळतं, दोन वाचतात. तिन्ही सारखीच करपली असतील तर व्होल्टेज कमी मिळालं, किंवा पंप गाळात अडकला, किंवा बोअरचं पाणी तुटलं तरी मोटर चालूच राहिली. आणि सगळं वायंडिंग चांगलं असून एकाच खाचेत बोटभर जागा उडाली असेल, तर तिथे तारेचं आवरण सोललं गेलं होतं. हे निदान मिस्त्री दोन वाक्यांत सांगतात. ऐकणारा मान डोलावतो, कारण रात्री काय झालं ते त्याला आता आठवलेलं असतं.

बहुतेक वेळा ती रात्रीचीच गोष्ट असते. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता वीज आली तर उठून शेतात कोण जाणार? साप, रानडुक्कर, अंधार. म्हणून स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्याच मोटरी त्याच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते, त्यामुळे व्होल्टेज कोसळतं. व्होल्टेज 20 टक्क्यांनी घटलं की मोटरीचा जोर 36 टक्क्यांनी घटतो. ती फिरायला धडपडते, तापते. तेवढ्यात डीपीवरचा एखादा फ्यूज उडतो, एक फेज जातो आणि उरलेल्या दोन तारांतला प्रवाह पावणेदोन पटीच्या आसपास चढतो. सिंगल फेज प्रिव्हेंटर असेल तर मोटर बंद पडून वाचते. पण दोन फेजवरही पाणी ओढता यावं म्हणून अनेकांनी कंडेन्सर जोडून तो प्रिव्हेंटर बाजूला केलेला असतो. महावितरण ऑटो स्विच काढा म्हणून आवाहन करतं. ते योग्यच आहे. पण रात्रीची पाळी आहे तोवर हे आवाहन पाळणं शेतकऱ्याच्या हातात कितपत आहे, हेही बघायला हवं.

मोटर जळली तरी शेतातली केळी थांबत नाही. दीड मीटर बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी 4,444 झाडं बसतात. ऐन उन्हाळ्यात ठिबकवर झाडाला दिवसाला 20 लिटर धरले, तर हेक्टरला रोज जवळपास 89,000 लिटर पाणी लागतं. पारा 45च्या वर, बाग निसवणीला आलेली आणि मोटर दुकानात. दोन-तीन दिवसांचा ताणही घडावर दिसतो. म्हणून इथे कोणी "केव्हा होईल?" असं विचारत नाही, "रात्री बसाल का?" असं विचारतात.

जळणं ही शेवटची घटना. त्याआधी बरंच काही झिजलेलं असतं. अशी सबमर्सिबल मोटर आत स्वच्छ पाण्याने भरलेली असते, तिला तेल-ग्रीस लागत नाही. रोटरचा दांडा बुशात फिरतो, आणि वरच्या पंपाचा सगळा दाब खालचं थ्रस्ट बेअरिंग पेलतं, तेही पाण्याच्या पातळ थरावर. बोअरमधून बारीक रेती येऊ लागली की ती सीलमधून आत शिरते. बुश खरवडतं, दांडा हलू लागतो आणि एक दिवस रोटर स्टेटरला घासतो. बुश आणि सील वेळेवर बदलणं, हे काही फार खर्चाचं काम नाही. पण मोटर वर काढायची तर चेनपुली, माणसं, दिवसभराची मजुरी. म्हणून ती जळल्याशिवाय वर येत नाही.

आतला छोटा भाग झिजून सगळं अडण्याचा हा दोष केवळ पाण्याच्या मोटरीचा नाही. याच गावावरून जुना सहा नंबरचा, आता 53 क्रमांकाचा महामार्ग जातो. त्यावरच्या ट्रकचा वायपर अडला की पुष्कळदा मोटर शाबूत असते, तिचं प्लास्टिकचं दातेरी चाक झिजलेलं असतं. परदेशातल्या काही जुन्या गाड्यांत आतून वर येणारे दिवे असत. 1936च्या कॉर्ड 810मध्ये ते हाताने दांडा फिरवून उघडावे लागत. पुढे मोटरी आल्या, आणि काही गाड्यांत त्या मोटरीच्या दातेरी चाकात बसवलेल्या प्लास्टिकच्या छोट्या गुट्ट्यांचा भुगा होऊ लागला. मोटर गरगरते, दिवा अर्धवट मिटलेला. 1989च्या माझदा एमएक्स-5च्या मोटरीला तर हाताने फिरवायची मूठच ठेवली होती, म्हणजे बनवणाऱ्याने बिघाड आधीच गृहीत धरला होता. बोअरच्या तळाशी अशी मूठ कोण फिरवणार?

रिवाइंडिंगचं काम बघण्यासारखं असतं. जुनी तार कापून, ओढून काढतात. तिचं तांबं वजनावर जातं. साध्या कोरड्या मोटरीचं वायंडिंग काही जण भट्टीत जाळून सैल करतात. ते चुकीचं आहे. जास्त आचेने स्टॅम्पिंगच्या पत्र्यांमधला पातळ लेप जातो, आणि मोटर चालली तरी वीज जास्त खाते आणि तापते. पाण्यातल्या मोटरीला प्लास्टिकचं आवरण असलेली जाड तार लागते. ती तयार कॉइल करून खाचेत बसवता येत नाही, सुईत दोरा ओवावा तशी प्रत्येक वेढ्याला आरपार ओवावी लागते. स्टेटरच्या दोन टोकांना दोन जण बसतात. एक तार आत सारतो, दुसरा ओढून परत पाठवतो. वेढे मोजताना कोणी बोलत नाही. तारेवर नखाएवढा ओरखडा आला तरी पाण्यात तिथेच शॉर्ट होणार, म्हणून तार जमिनीला लागू द्यायची नाही. शेवटी वायंडिंग पाण्यात बुडवून ठेवायचं आणि आवरणातून वीज गळते का ते बघायला मेगर लावायचा. काटा पडला तर सगळं पुन्हा.

या कामाचं शिक्षण बहुतेकांनी एखाद्या जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली राहून घेतलेलं असतं. किर्लोस्करांनी 1910मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, पुढे पंप आणि विजेच्या मोटरी देशात बनू लागल्या. त्या कारखान्यांचा इतिहास आपण अभिमानाने लिहिला. त्यांच्या मोटरी तालुक्यातालुक्यात जिवंत ठेवणाऱ्यांचा इतिहास मात्र फारसा नोंदलेला दिसत नाही.

मुक्ताईनगर म्हणजे पूर्वीचं एदलाबाद. जवळच चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, आणि खाली 41 दरवाजांच्या हतनूर धरणाचा फुगवटा या तालुक्यात पसरलेला आहे. पाण्याच्या एवढ्या शेजारी बोअर खोल का जावेत? कारण नदीचं पाणी सगळ्यांच्या शेतात नाही, आणि जमिनीखालचं पाणी उपसण्याचा वेग भरण्यापेक्षा जास्त आहे. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी सहज मुरवणारा भरड गाळाचा पट्टा आहे, तरी तिथेही अतिउपसा झालेला आहे. तापीचं पुराचं पाणी त्या पट्ट्यात मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने मे 2025मध्ये करार केला. ती योजना प्रत्यक्षात यावी असं मला मनापासून वाटतं. कारण 30 मीटरवरून एक लिटर वर आणायला जेवढी ताकद लागते, त्याच्या पाचपट 150 मीटरवरून लागते, आणि ती ताकद या मोटरीच्या तांब्यातूनच जाते. 2024मध्ये राज्याने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. रिवाइंडिंगचं बिल त्यात नाही.

मिस्त्रींच्या गल्ल्यात एक जाड वही असते. प्रत्येक मोटरीला एक ओळ: गाव, अश्वशक्ती, खाचा, वेढे, तारेचा गेज आणि शेवटी बोअरमध्ये सोडलेल्या पाइपांची संख्या. मोटर परत आली तर वेढे पुन्हा मोजावे लागू नयेत म्हणून ही सोय. मी जुनी पानं उलटत गेलो. एकाच गावाची, एकाच शेतकऱ्याची ओळ काही वर्षांनी पुन्हा येते. गेज तोच, वेढे तेच. पाइपांचा आकडा वाढलेला.

संध्याकाळी ती मोटर तयार झाली. मिस्त्रींनी ती उभी केली, वरच्या भोकातून स्वच्छ पाणी ओतलं आणि हळूहळू हलवत राहिले. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येत होती. बुडबुडे थांबल्यावर पुन्हा थोडं पाणी, पुन्हा थोडं हलवणं. मग बूच घट्ट केलं. शेतकऱ्याने पैसे मोजून दिले आणि म्हणाला, "दोन पाइप वाढवतो या खेपेला."

मिस्त्रींनी वही पुढे ओढली आणि लिहिलेला आकडा खोडला.