विश्लेषण : एका हृदयाला दोन पंप कशासाठी?

हृदयविकाराचा झटका येतो, अँजिओप्लास्टी होते, बंद पडलेली धमनी उघडते. तरीही रक्तदाब वर येत नाही, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते. हा ‘कार्डिओजेनिक शॉक’. झटका आलेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांवर ही वेळ येते आणि त्यातले जवळपास निम्मे दगावतात. अशा वेळी हृदयाला यंत्राचा आधार दिला जातो. काही रुग्णांना तर एकाच वेळी दोन यंत्रे लावतात. दुसरे कशासाठी?

एक्मो लावल्यावर अडचण काय?

‘एक्मो’ हे नाव करोनाकाळात अनेकांच्या कानावर पडले. तेव्हा ते मुख्यतः फुप्फुसांसाठी होते. हृदयासाठीच्या ‘व्हीए-एक्मो’त जांघेतल्या मोठ्या शिरेतून रक्त बाहेर घेतात, त्यात प्राणवायू मिसळतात आणि जांघेतल्याच धमनीतून परत आत ढकलतात. मिनिटाला चार-पाच लिटर, म्हणजे निरोगी हृदय विश्रांतीत करते जवळपास तेवढेच काम.

गोम आहे ती दिशेत. हे रक्त महाधमनीत खालून वर, हृदयाच्या समोरून येते. एकाच पाइपलाइनला दोन पंप समोरासमोर जोडले तर कमजोर पंपाचा व्हॉल्व्ह उघडतच नाही, इथेही तेच. दमलेल्या डाव्या कप्प्याला वाढलेल्या दाबाविरुद्ध झडप उघडता येत नाही. रक्त आत साचते, कप्पा फुगतो, दाब मागे सरकून फुप्फुसांत पाणी भरते, कधी साचलेल्या रक्ताची गुठळी होते. मेंदू आणि मूत्रपिंडांना रक्त मिळते, पण ज्याला विश्रांती हवी ते हृदयच ताणले जाते.

इम्पेला काय करते?

‘इम्पेला’ हा पेन्सिलीहून बारीक पंप. धमनीतून वर नेऊन तो महाधमनीच्या झडपेतून आरपार बसवतात. आतला चिमुकला पंखा पूर्ण वेगात मिनिटाला ४० हजारांहून अधिक फेऱ्या घेतो आणि डाव्या कप्प्यातले रक्त खेचून महाधमनीत सोडतो. पण तो रक्तात प्राणवायू मिसळू शकत नाही आणि हृदयाची उजवी बाजू निकामी असेल तर त्याला खेचायला पुरेसे रक्तच मिळत नाही. म्हणून ही जोडी : एक्मो शरीर सांभाळते, इम्पेला कप्पा रिकामा ठेवते. डॉक्टर तिला ‘एक्पेला’ किंवा ‘एक्मेला’ म्हणतात.

पुरावा किती?

एकेकट्या यंत्रांचा निकाल संमिश्र आहे. २०२३च्या ‘ईसीएलएस-शॉक’ चाचणीत ३० दिवसांतील मृत्यू एक्मो गटात ४७.८ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ४९ टक्के; म्हणजे फरक नाहीच. २०२४च्या ‘डॅनजर शॉक’ चाचणीत इम्पेलाने १८० दिवसांतील मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आणले. मात्र त्यात निवडक रुग्ण होते; हृदयक्रिया थांबून नंतरही बेशुद्ध राहिलेल्यांना वगळले होते.

जोडीबद्दलचा मोठा अभ्यास २०२०चा, चार देशांतील ६८६ रुग्णांचा. दोन्ही यंत्रे लावलेल्यांत मृत्यू कमी दिसले, पण गंभीर रक्तस्राव ३८.४ टक्के, केवळ एक्मोवर तो १७.९ टक्के होता. शिवाय कुणाला दोन यंत्रे लावायची हे डॉक्टरांनीच ठरवले होते, चिठ्ठ्या टाकून नव्हे. जगण्याची आशा जास्त असलेल्यांनाच दुसरे यंत्र मिळाले असेल तर? आकडेमोडीने ही शंका कमी करता येते, पुरती पुसता येत नाही.

रक्तस्राव वाढतो याचे नवल नाही. धमनीत आणखी एक जाड नळी, रक्त गोठू नये म्हणून औषध आणि पंख्यात फुटणाऱ्या तांबड्या पेशी. पायाचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती वेगळीच.

त्यामुळे अनेक ठिकाणी दुसरा पंप सरसकट लावत नाहीत. इकोत झडप उघडते का, धमनीतल्या दाबाच्या रेषेत ठोक्याची लाट उरली आहे का, फुप्फुसांत पाणी वाढते आहे का, हे पाहून ठरवतात. हृदय सावरू लागले की सहसा एक्मो आधी काढतात आणि इम्पेला काही दिवस ठेवतात. सावरलेच नाही, तर पुढचा पर्याय कायमस्वरूपी पंप किंवा हृदय प्रत्यारोपण. हे दोन्ही त्या रुग्णाला शक्य आहे का, हे नातेवाइकांनी दुसऱ्या यंत्राच्या संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारायला हवे.