कुंडीतली तुळस उंच का होते?

विलेपार्ल्यात जुन्या दुमजली घरांच्या जागी उंच इमारती आल्या आणि शेजारच्या खिडक्यांतले ऊन गेले. अशा खिडकीतली तुळस भराभर 'वाढू' लागते. पानांच्या दोन जोड्यांमधले अंतर वाढते, पाने फिकट पडतात, खोड आधाराशिवाय उभे राहत नाही. घरची मंडळी म्हणतात, खत लागू पडले! खरे तर ही उपासमारीची उंची.

नवरात्रातला घट आठवा. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातला गहू नऊ दिवसांत चांगला उंच होतो, पण पिवळा. उजेडाशिवाय त्यात हरितद्रव्य बनत नाही. दाण्यातली शिदोरी संपण्याआधी उजेड गाठायचा, म्हणून रोप पेशी लांबवण्यावरच सारा खर्च करते. त्यावर लाल प्रकाश पडला, की फायटोक्रोम हे रंगद्रव्य कार्यक्षम होते आणि या लांबण्याला लगाम बसतो.

आम्ही वर्गात पन्नास-पन्नास दाणे दोन थाळ्यांत पेरायला सांगतो. एक थाळी उन्हात, एक खोक्याखाली. दहा-बारा दिवसांनी रोपे मुळांसकट धुऊन, वाळवून तोलायची. कोणती जड भरेल, याची पैज मुले हमखास हरतात. उंच रोपे हलकी असतात!

ताणलेले खोड पुन्हा आखूड होत नाही. तुळशीचा शेंडा खुडावा, खालून फुटवे येतात. कुंडी मात्र एकदम कडक उन्हात नको. आठवडाभर थोडी थोडी सरकवावी.